'तीन' म्हणजे मधला आकडा नव्हे

दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. काश्मीरच्या अमुक जिल्ह्यांत, अमुक मीटरपेक्षा जास्त उंचीवर, येत्या २४ तासांत हिमस्खलनाचा 'मध्यम' धोका. पुण्यामुंबईत ती वाचणारा माणूस पान उलटून पुढे जातो. पण ही बातमी आता तितकीशी परकी राहिलेली नाही. गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणारी मराठी मुलं-मुली आज अपवाद नाहीत, आणि उत्तराखंडातले बर्फातले ट्रेक तर अनेकांच्या वर्षाच्या वेळापत्रकातच बसले आहेत. यांतले बहुतेक जण आखून दिलेल्या, देखरेखीखालच्या उतारावरच राहतात. मात्र एक-दोन मोसम झाले, पाय स्थिर झाले, की काहींना सीमारेषेपलीकडचा, कोणाचीच रेघ न उमटलेला बर्फ खुणावू लागतो. अशा मोकळ्या डोंगरात, स्वतःच्या जबाबदारीवर केलेल्या स्कीइंगला 'बॅककंट्री स्कीइंग' म्हणतात. गुलमर्गचं जगभरातलं आकर्षण तेच आहे. गोंडोला माणसाला अफरवटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडते. तिथून आखलेली वाट सोडली की पुढचा डोंगर कोणी तपासलेला नसतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटच्या उतारांवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर मरण पावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. दोन्ही वेळा सोबतच्या इतरांना बाहेर काढता आलं. बातम्यांत शब्द होता 'निसर्गाचा कोप'. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

मी गिर्यारोहक नाही, फिजिशियन आहे. सरकारी रुग्णालयात पंचवीसहून अधिक वर्षं एकच काम करतो आहे: अपुऱ्या माहितीवरून धोक्याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर निर्णय घ्यायचा. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला घरी पाठवायचं की दाखल करायचं, हा तो निर्णय. हिमस्खलनाच्या अभ्यासकांचं लिखाण वाचू लागलो तेव्हा जाणवलं, की त्यांची आणि आमची कोडी एकाच घाटाची आहेत. माणसाची चूकही तशीच होते. म्हणून हा लेख.

शहाबादी फरशी आणि ज्वारीचे दाणे

हिमस्खलन म्हणजे वरून कोसळणारा भुसभुशीत बर्फाचा लोंढा, असं चित्र आपल्या मनात असतं. स्कीअरचे जीव घेणारं हिमस्खलन बहुतेक वेळा वेगळं असतं. त्याला लादीचं हिमस्खलन म्हणता येईल. कल्पना करा, एका पाटावर ज्वारीचे दाणे पसरले आहेत आणि त्यांवर शहाबादी फरशी ठेवली आहे. पाट आडवा असेपर्यंत काही होत नाही. पाट तिरपा करत नेला की एका क्षणी फरशी अख्खी घसरते. डोंगरावर तेच घडतं. वर घट्ट बसलेल्या बर्फाची लादी, खाली साखरेसारख्या सुट्या दाण्यांचा कमजोर थर आणि पुरेसा तिरपा उतार. चौथी गोष्ट लागते ती धक्का देणारी.

तो धक्का कोण देतं? जीवघेण्या अपघातांत सुमारे ९० टक्के वेळा लादी सुटते ती अपघातात सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच गटातल्या कोणाच्या वजनाने. वर आकाशातून काही कोसळत नाही. माणूस स्वतः त्या फरशीवर पाय ठेवतो. म्हणून 'निसर्गाचा कोप' हा शब्द मला खटकतो. कोप म्हटलं की विचार करण्याची जबाबदारी संपते. एरवी वाईट वाटणारी ही ९० टक्क्यांची गोष्ट खरं तर दिलासा देणारी आहे, कारण स्वतःच्या पावलाने होणारी गोष्ट स्वतःच्या पावलाने टाळताही येते.

कमजोर थर तयार कसा होतो, हेही सोपं आहे. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरचा कितीतरी थंड. या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकत राहते आणि वाटेतल्या कणांचं रूप बदलून त्यांचे मोठे, सुटे, एकमेकांना न चिकटणारे दाणे बनतात. बर्फाचा थर पातळ आणि थंडी कडाक्याची असेल तर हे जास्त जोमाने होतं. म्हणजे 'अजून फारसा बर्फ पडलेला नाही, तेव्हा धोका कमी' हा अंदाज उलटा पडू शकतो. पुढे त्या दाण्यांवर दोन दिवसांत फूट-दीड फूट ताजा बर्फ पडला किंवा वाऱ्याने वाहून आणून टाकला, की फरशी तयार. वारा यात मोठा कारागीर. डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलून तो दुसऱ्या बाजूला, आडोशाच्या उतारावर रचतो. आकाश निरभ्र असतानाही हे काम चालू असतं. म्हणून हिमवृष्टी थांबून लख्ख ऊन पडलेला पहिला दिवस, ज्याची सगळे वाट पाहत असतात, तोच अनेकदा घातक ठरतो.

आकड्याचा अर्थ

युरोपात १९९३ पासून हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची समान मोजपट्टी आहे: १ अल्प, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ उच्च, ५ अतिउच्च. स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस इथली हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात रोज या पट्टीवर भाग, उंची आणि उताराच्या दिशेसह अंदाज देते. आपल्याकडे हे काम संरक्षण संशोधन खात्याची, चंडीगढची संस्था करते. मनालीत १९६९ साली सुरू झालेली हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. तिचं मूळ प्रयोजन लष्करी आहे आणि ते स्वाभाविकही आहे. आपल्या देशात हिमस्खलनाने सर्वाधिक किंमत जवानांकडून वसूल केली आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला लष्करी प्रशिक्षणातले १७ जवान गेले. २०१६ साली सियाचेनमध्ये दहा जवान गाडले गेले, त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता.

आता त्या पाच आकड्यांकडे पुन्हा पाहा. पाचातला तीन म्हणजे मधला. शाळेत पन्नास-साठ टक्के मिळाल्यासारखं वाटतं: फार वाईट नाही, फार चांगलं नाही. गफलत इथेच होते. ही पट्टी सरळ चढत जात नाही. एकेका पायरीला धोका काही पटींनी वाढतो. दाव्होसच्या संस्थेच्या अनुभवानुसार हिवाळ्यातल्या सुमारे ३० टक्के दिवसांना ३ हा अंदाज असतो, पण जवळपास निम्मे मृत्यू त्याच दिवसांत होतात. ४ आणि ५ च्या दिवशी मृत्यू कमी, कारण त्या दिवशी डोंगर स्वतःच ओरडून सांगत असतो आणि माणसं घरी बसतात. ३ च्या दिवशी डोंगर गप्प असतो. उतार शांत दिसतो, बर्फ सुंदर असतो, पण एका माणसाचं वजन लादी सुटायला पुरतं.

वैद्यकात हा अनुभव आम्हाला रोजचा आहे. रक्तदाब २२० झालेला माणूस घाबरून धावत येतो. १६० असलेला 'थोडा वाढलाय' म्हणत वर्षानुवर्षं गोळी टाळतो. पक्षाघाताच्या वॉर्डात मात्र हा दुसरा भरपूर भेटतो, कारण संख्येने तो खूप जास्त असतो आणि काळजी घेत नाही. पावसाळ्यात आपणही हेच करतो. रेड अलर्टला घाट ओस पडतात. ऑरेंज अलर्टला मात्र 'रेड तर नाही ना' म्हणत धबधब्याखाली गर्दी होते.

तेव्हा पहिली सूचना अशी: आकडा किंवा शब्द एकटा वाचू नये. त्यासोबत त्याचं वाक्य वाचावं. 'तीन' याचा अर्थ 'तिरप्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही हिमस्खलन होऊ शकतं' असा आहे. आपल्याकडच्या बातम्यांत जो 'मध्यम' शब्द येतो त्याखाली असं एक सरळ वाक्य छापलं तरी पुष्कळ काम होईल.

एका सुईने निदान होत नाही

स्कीअर उतारावर पोहोचला की बर्फात खड्डा खणून थर तपासता येतात. एक प्रचलित चाचणी अशी: ३० सेंटिमीटर बाय ९० सेंटिमीटरचा बर्फाचा खांब कापून मोकळा करायचा, त्याच्या एका टोकावर फावडं ठेवून हाताने ठोके द्यायचे आणि तडा पूर्ण खांबभर आरपार पळतो का ते पाहायचं. तडा पळाला तर त्या उतारावर जायचं नाही. इथवर ठीक. पण तडा नाही पळाला तर?

डॉक्टर म्हणून माझे कान इथे टवकारतात. यकृतात गाठ आहे, सुई घातली, सुईत काही मिळालं नाही. म्हणजे कर्करोग नाही? तसं आम्ही म्हणत नाही. सुई गाठीच्या शेजारून गेली असेल. बर्फाचा थर उतारभर सारखा नसतो. दहा पावलांवर वाऱ्याने लादी पातळ केलेली असेल, आणि नेमक्या त्या पातळ जागी पाय पडून लादी सुटते. चाचणी वाईट आली तर तिच्यावर विश्वास ठेवावा. चांगली आली म्हणून आधीचा अंदाज पुसू नये. रोजच्या अंदाजपत्रकात ३ किंवा ४ आहे आणि माझा खड्डा 'ठीक' म्हणतो, तर अंदाजपत्रक खरं मानायचं. कारण त्यामागे अनेक ठिकाणची निरीक्षणं आहेत, माझ्यामागे एक खड्डा.

खड्ड्याआधीच्या खुणा जास्त मोलाच्या असतात, आणि त्यांना उपकरण लागत नाही. आसपास ताजं हिमस्खलन झालेलं दिसणं. पाय ठेवताच बर्फातून 'धप्प' असा खोल आवाज येणं आणि पृष्ठभाग किंचित खचणं. स्कीच्या टोकापासून काचेसारखा तडा पळत जाणं. गेल्या एक-दोन दिवसांतली जोरदार हिमवृष्टी किंवा वारा. अचानक वाढलेलं तापमान. यांतल्या पहिल्या तीन खुणा म्हणजे आमच्याकडची 'छातीतली कळ डाव्या हातात उतरली' अशी तक्रार. ती ऐकल्यावर पुढच्या तपासणीची वाट कोणी पाहत नाही.

आणि सगळ्यांत विश्वासू मोजमाप म्हणजे कोन. लादीची हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट उतारावर फरशी सहसा घसरत नाही. बर्फाचा थर कसा आहे हे अनिश्चित असतं, उद्या बदलतं. डोंगराचा कोन बदलत नाही. तो नकाशावर घरी बसून पाहता येतो, मोबाइलमध्येही मोजता येतो. फक्त एवढं लक्षात ठेवायचं, की आपण सपाटीवर असलो तरी वरचा तिरपा उतार आपल्या डोक्यावर येऊ शकतो. आपण कुठे उभे आहोत एवढं पाहून भागत नाही, आपल्या वर काय आहे तेही पाहावं लागतं.

पंधरा मिनिटं नव्हे, दहा

गाडल्या गेलेल्या माणसाचं काय होतं, हे मात्र माझ्या क्षेत्रातलं आहे. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, बोटही हलवता येत नाही. बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. सुमारे चौथा हिस्सा झाडाखडकांवर आपटून झालेल्या जखमांमुळे. निव्वळ थंडीने मरणारे फार थोडे. तोंडासमोरच्या बर्फात सोडलेला श्वास परत आत ओढला जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो, प्राणवायू संपत जातो, उच्छ्वासाच्या ओलाव्याने चेहऱ्यासमोर बर्फाचा मुखवटा गोठतो.

स्वित्झर्लंडमधल्या १९८१ ते २०२० या ४० वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकं बर्फाखाली गेलेल्या माणसांना पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलं तर सुमारे ९१ टक्के जगतात. ३० मिनिटं झाली की सुमारे ३१ टक्के. पूर्वी आम्ही १५ मिनिटांची मुदत सांगत असू, ती आता आणखी आवळली आहे. याच अभ्यासानुसार सोबत्यांनी काढलेल्या माणसाला बाहेर यायला लागणारा मध्यम वेळ १० मिनिटांवर आला आहे. संघटित बचाव पथकाला, जगातल्या उत्तम व्यवस्थेतही, सुमारे ९० मिनिटं लागतात. हे गणित कठोर आहे. हेलिकॉप्टर किती लवकर येईल हा प्रश्न जवळपास गैरलागू आहे. तुमचा जीव तुमच्या शेजारच्या माणसाच्या हातात आहे, आणि त्याला खोदता येतं की नाही यावर अवलंबून आहे.

म्हणून तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यात: रेडिओ संदेश देणारा आणि शोधणारा ट्रान्सीव्हर, बर्फात टोचून पाहायची घडीची लांब काठी आणि धातूचं फावडं. प्रत्येकाकडे म्हणजे वाटाड्याकडे आणि सामान नेणाऱ्या माणसाकडेसुद्धा. तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोन निरुपयोगी. आणि वापराचा सराव नसेल तर तिन्ही. फुग्याची पाठपिशवी, म्हणजे एअरबॅग, मदत करते. गंभीर प्रसंगांच्या एका मोठ्या अभ्यासात फुगलेल्या एअरबॅगमुळे मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ वर आलं. याचा दुसरा अर्थ असा, की फुगा उघडूनही नऊ-दहांत एक जण गेलाच. शिवाय पाचांत एका वेळी फुगा उघडतच नाही. हेल्मेट घातलं म्हणून एक्स्प्रेस-वेवर उलट दिशेने जायचं नसतं.

बाहेर काढल्यावर आधी चेहरा आणि छाती मोकळी करावी. तोंडात बर्फ भरला आहे का ते पाहावं. श्वास नसेल तर छाती दाबण्याआधी पाच श्वास द्यावेत, कारण इथे हृदय बंद पडण्याचं मूळ कारण प्राणवायूचा अभाव असतं. बराच वेळ गाडला गेलेला, गारठलेला, पण श्वासमार्ग मोकळा असलेला माणूस मृत समजून सोडू नये. थंडी मेंदूला काही काळ राखते. १९९९ साली नॉर्वेत स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात ८० मिनिटं अडकलेल्या एका तरुण डॉक्टरचं शरीर १३.७ अंशांपर्यंत थंड झालं होतं. ती वाचली आणि पुन्हा कामाला लागली. सियाचेनच्या २०१६ च्या दुर्घटनेत लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, सारा देश प्रार्थना करत होता, आणि तीन दिवसांनी ते गेले. अशा कहाण्या बचाव करणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. उतारावर निघालेल्याने त्यांच्या भरवशावर राहू नये.

चूक बर्फात नसते

आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं बॅककंट्रीतल्या मुरलेल्या माणसांना ठाऊक असतं. तरीही ती मरतात. का? अमेरिकन संशोधक इयान मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ अपघातांचा अभ्यास केला. धोक्याच्या खुणा बहुतेक ठिकाणी समोर होत्या. माणसांनी त्या पाहिल्या नाहीत, किंवा पाहून सोडून दिल्या. मॅकॅमन यांनी सांगितलेले सापळे आपल्याला अनोळखी नाहीत. 'हा उतार ओळखीचा आहे.' 'ठरवलंय तर करूनच जायचं.' 'सर सोबत आहेत, त्यांना कळतं.' 'आपल्याआधी कोणी जायला नको.' 'त्यांच्या रेघा आहेत की तिथे, म्हणजे चालतं.' 'मागे फिरलो तर हे लोक काय म्हणतील.' प्रशिक्षण घेतलेल्या गटांची सावधगिरीही ओळखीच्या उतारावर सैल पडलेली दिसली.

यात एक आणखी खोल अडचण आहे. बर्फ चुकीच्या निर्णयाला बहुतेक वेळा शिक्षा करत नाही. धोक्याच्या उतारावरून माणूस दहा वेळा सुखरूप खाली येतो आणि प्रत्येक वेळी 'मला कळतं' अशी खात्री पक्की होत जाते. खरं तर त्याला काही कळलेलं नसतं, फरशीवर त्याचा पाय नेमक्या जागी पडलेला नसतो इतकंच. सिगारेट ओढणारे आजोबा नव्वदीपर्यंत जगले हा पुरावा घेऊन माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला मी हेच सांगतो. सुखरूप परत येणं हा निर्णय बरोबर असल्याचा पुरावा नाही.

वैद्यकाने यावर शोधलेला उपाय नामी आहे: ऐन वेळच्या हुशारीवर कमी विसंबायचं आणि निर्णय आधीच, शांत डोक्याने, कागदावर घ्यायचा. शस्त्रक्रियेआधी मोठ्याने वाचायची यादी असते, ती भूलतज्ज्ञ किंवा सर्जन विसराळू आहेत म्हणून नाही. घाईत प्रत्येक जण विसराळू होतो म्हणून. डोंगरातही नियम आदल्या रात्री ठरावा. 'उद्या ३ असेल तर ३० अंशांहून तिरप्या उतारावर जायचं नाही, आणि तसा उतार डोक्यावर असेल तिथेही थांबायचं नाही.' उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागेवरून बघणार. गटातल्या कोणीही, अगदी सर्वांत नवख्यानेही 'नको' म्हटलं की चर्चा संपली. सकाळच्या उन्हात, चकाकत्या बर्फासमोर, नियम बनवायला बसायचं नाही. तिथे फक्त तो पाळायचा.

'नाही' म्हणणाऱ्याची मजुरी

आता माझा मुख्य मुद्दा. व्यक्तीने शहाणं व्हावं हे सांगणं सोपं आहे. पण निर्णय ज्या परिस्थितीत होतो ती कोण सुधारणार?

हिमालयातला स्थानिक वाटाडा हा या साखळीतला सगळ्यांत जाणता आणि सगळ्यांत दुबळा दुवा आहे. कोणत्या घळीत वारा बर्फ रचतो हे त्याला ठाऊक असतं. पण मोसम दोन-तीन महिन्यांचा, त्यातच वर्षाची कमाई. समोर पाच दिवसांची रजा काढून, पैसे भरून, मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून उभा असलेला पाहुणा. 'आज नको' म्हटलं तर दिवस बुडेल, उद्या दुसरा वाटाडा घेतला जाईल, वर इंटरनेटवर वाईट अभिप्राय. अशा माणसाकडून 'नाही'ची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्या पोटावर आपल्या सुरक्षेचा भार टाकणं. आणि लादी सुटलीच तर खाली तोही असतो.

उपाय साधा आहे आणि तो आपण ग्राहकच घडवू शकतो. करारातच असावं, की वाटाड्याने धोक्यामुळे फेरी रद्द केली किंवा सोप्या उतारावर वळवली तरी त्याची पूर्ण मजुरी मिळेल आणि पाहुण्याने तक्रार करायची नाही. रुग्णालयात 'या रुग्णाला शस्त्रक्रिया झेपणार नाही' असं सांगणाऱ्या भूलतज्ज्ञाचा पगार कापला, तर पुढच्या वेळी तो काय सांगेल? 'नाही' स्वस्त करावं लागतं, तेव्हाच ते वेळेवर उच्चारलं जातं.

दुसरं, माहिती. सहल कंपन्या आपल्याकडून एका कागदावर सही घेतात, की काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. वैद्यकात निव्वळ अशा सहीला आम्ही संमती मानत नाही. धोका समजावून सांगितला, पर्याय सांगितले, प्रश्नांची उत्तरं दिली, त्यानंतरची सही म्हणजे संमती. त्या दिवशीचा धोक्याचा आकडा, त्याचं एक वाक्य, उंची आणि उताराची दिशा गोंडोलाच्या तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरांत, हिंदी आणि इंग्रजीत लागावी. कंपनीने ती पाहुण्याच्या मोबाइलवर रोज पाठवावी. जिल्हाभरासाठी एक शब्द पुरेसा नाही, कारण स्कीअर जिल्ह्यावरून जात नाही, एका घळीतून जातो.

तिसरं, नोंद. रुग्णालयात मृत्यूंची चर्चा होते, कोणाला फासावर चढवण्यासाठी नाही, पुढचा वाचावा म्हणून. स्वित्झर्लंड, कॅनडा, अमेरिका इथे हिमस्खलनाच्या अपघातांचे सविस्तर अहवाल, थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांसह, सर्वांना वाचायला खुले असतात. गुलमर्ग, औली, मनाली इथल्या प्रसंगांचे तसेच अहवाल, दोषारोप न करता, निघायला हवेत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा' शिखरावर प्रशिक्षणार्थी गिर्यारोहकांची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. ते स्कीअर नव्हते, पण शिकायला आलेले तरुण होते. अशा घटनेतून पुढच्या तुकडीने काय शिकायचं हे तिला वाचायला मिळालं नाही, तर श्रद्धांजलीला फार अर्थ उरत नाही.

'मग जाऊच नये का?' हा प्रश्न विचारला जाईल. जावं. हिवाळ्यातला डोंगर सुंदर असतो आणि शरीराला असे कष्ट उपकारकच आहेत. मधुमेहाचे तरुण रुग्ण रोज पाहणारा डॉक्टर कोणाला घरी बसा म्हणणार नाही. ३० अंशांहून सौम्य उतार, ज्यांच्या डोक्यावर काही नाही असे, विपुल आहेत. वाईट दिवशी तिथे स्कीइंग करता येतं. 'ज्यांना हौस आहे त्यांनी मरावं' हेही मला मान्य नाही, कारण त्यांना खोदून काढायला दुसरी माणसं त्याच उताराखाली जातात.

तेव्हा पुढच्या हिवाळ्यासाठी पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. धोक्याचा रोजचा अंदाज आम्हाला कोण आणि कधी सांगणार? ट्रान्सीव्हर, काठी, फावडं प्रत्येकाला मिळणार का, आणि पहिल्या दिवशी सराव होणार का? अंदाज ३ असेल तर तुमचा लेखी नियम काय? आणि वाटाड्याने मागे फिरवलं तर त्याला त्या दिवसाचे पैसे मिळतात का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं, तर दुसरा आयोजक शोधा.